म्हातारी, बिट्टी आणि इंद्रजव

प्रश्न : रुईची म्हातारी वाऱ्यावर उडते, बिट्टीत दगडासारखी आठळी असते, करवंद तर आपण खातो. ही सगळी एकाच कुळातली कशी?

उत्तर : बी पाहून हे नातं कळणार नाही, चीक आणि फूल पाहा. या करवीर (कण्हेरीच्या) कुलात आता रुईचं कुलही धरतात. यातल्या बहुतेक फुलांत बीजकोशाचे (ज्यात बी धरतं त्या भागाचे) दोन सुटे भाग वरच्या टोकाला तेवढे जुळलेले असतात. फळ धरलं की हा जोड गळतो आणि दोघं आपापले वाढतात. म्हणून सदाफुली, कुडा, सातवीण यांना ‘शेंगा’ जोडीने लागतात. खरं तर त्या शेंगा नव्हेत. वाटाण्याची शेंग दोन्ही कडांनी उकलते, हे फळ, म्हणजे पेटिका, एकाच शिवणीने. रुईला पुष्कळदा जोडीतलं एकच फळ धरतं. करवंद आणि बिट्टीत मात्र मिळून एकच फळ होतं, ते उकलत नाही.

तडकू लागलेलं रुईचं बोंड हलक्या हाताने उघडा. चपट्या तपकिरी बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या आणि त्यांचे रेशमी तंतू घट्ट मिटलेले दिसतील. कोरडी हवा लागली की ते फुलतात. दमट हवेत त्यांचा गोळा होतो आणि बी तिथेच पडतं. सातविणीच्या बीला दोन्ही टोकांना केस, चाफ्याच्या बीला पातळ पंख. तगरीच्या बीभोवती लालसर गर असतो, तो पक्ष्यांसाठी. (दुहेरी तगरीला फळ क्वचितच धरतं, एकेरीच शोधा.) खाडीकाठच्या सुकाणू नावाच्या झाडाचं फळ काथ्यासारख्या सालीमुळे पाण्यावर तरंगत जातं. बिट्टीच्या आठळीतलं बी विषारी आहे, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. मुलांना बिट्ट्या खेळायला देऊ नयेत.

प्रश्न : पांढऱ्या कुड्याचं म्हणून बी लावलं, काळा कुडा उगवला. फरक कसा ओळखायचा?

उत्तर : काळ्या कुड्याची जोडफळं कोवळेपणी टोकाशी चिकटलेली असतात, पांढऱ्याची पहिल्यापासून सुटी. निव्वळ बी हाती आलं तर फसगत होते, म्हणून फळ उकलून पाहा. पांढऱ्याच्या बीचा केसांचा झुबका फळाच्या टोकाकडे असतो, काळ्याचा देठाकडे. इंद्रजव म्हणजे कुड्याचं बी: कडू इंद्रजव पांढऱ्याचे, गोडे काळ्याचे.

फळं तपकिरी होऊ लागली की दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने सैलसर बांधा, नाहीतर बी उडून जाईल. हिरवी तोडू नका. आतलं बी वाळून सुरकुततं, उगवत नाही. पेरण्याआधी झुबका चोळून काढा. तो राहिला तर पाणी घालताच बी वर येतं. वर जेमतेम 1 सेंमी बारीक माती पुरे.

प्रश्न : करवंदाचं बी वाळवून ठेवलं होतं, एकही उगवलं नाही.

उत्तर : वाळवलं तिथेच चुकलं, ते टिकाऊ बी नव्हे. पिकलेल्या फळातून काढून गर धुवा आणि दोन-चार दिवसांत पेरा. चीक चिकटू नये म्हणून आधी हाताला खोबरेल लावा.