भडोचचे बंदर आणि नर्मदेचे पाणी

गेल्या अंकात नर्मदाकाठच्या गावांविषयी जो लेख आला, त्यात भडोचचा उल्लेख एका ओळीत आटोपला होता. त्यावर बडोद्यातील वाचकांची जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांनी तेथील जुन्या बंदराविषयीच विचारले आहे, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. शहराचे आजचे नाव भरूच असले, तरी जुन्या मराठी कागदांत आणि आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ते भडोच असेच येते, त्यामुळे येथेही तेच ठेवले आहे.

प्रश्न: समुद्रापासून इतक्या आत, नदीच्या काठी असलेले भडोच प्राचीन काळी एवढे मोठे बंदर कसे झाले? सुरतेला जाताना पुलावरून खाली पाहिले, तर पात्रात चिखल आणि वाळूच दिसते. (एक वाचक, दांडिया बाजार)

आपण गाडीतून जो चिखल पाहिलात, तो बहुधा ओहोटीच्या वेळचा असावा. खंबायतचे आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळते होत गेलेले आहे, त्यामुळे समुद्राचे पाणी आत शिरताना कोंडत जाते आणि काही ठिकाणी भरती-ओहोटीच्या पातळ्यांत 10 मीटरहून अधिक फरक पडतो. त्या भरतीचा लोंढा नर्मदेच्या मुखातून वर चढून भडोचच्याही पुढे जातो. ज्या काळी जहाजे शिडावर चालत आणि आजच्या मानाने उथळ असत, त्या काळी या लोंढ्यावर स्वार होऊन समुद्रातून थेट शहराच्या पायथ्याशी येता येत असे. शिवाय आत असलेल्या बंदराला समुद्रावरील वादळाचा धोका कमी, आणि मागे माळवा, खानदेश व दख्खन असा मालाने भरलेला प्रदेश.

या बंदराचे सर्वांत तपशीलवार वर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील दर्यावर्दी मार्गदर्शिकेत मिळते. ती लिहिणारा इजिप्तमधला व्यापारी होता, त्याचे नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. भडोचला तो बारिगाझा म्हणतो, आणि ‘भृगुकच्छ’ किंवा ‘भरुकच्छ’ या नावाचा ग्रीक कानांनी ऐकलेला तो उच्चार आहे. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे, असा त्याचा सल्ला आहे, कारण नैर्ऋत्य मोसमी वारा जहाजाला पलीकडे आणून सोडतो. इकडे उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळी आणि सोन्या-चांदीची नाणी आहेत, तर येथून जाणाऱ्या मालात हस्तिदंत, जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, अकीक, पिंपळी आणि सर्व प्रकारचे सुती कापड आहे. अकीकाच्या खाणी आजही भडोचजवळ रतनपूरच्या बाजूला आहेत, म्हणजे त्या यादीतली एक वस्तू तरी आपल्या शेजारच्याच जमिनीतून निघत होती.

मला मात्र त्या ग्रंथातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो मालाच्या यादीचा नाही. लेखक सांगतो, की आखाताच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, पाण्याची ओढ भयंकर आहे, नदीचे मुख शोधणे अवघड आहे, आणि ते सापडले तरी परक्या माणसाने आत शिरणे धोक्याचे आहे. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या वल्हेकरी होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परदेशी जहाजाला दोर लावून उथळ जागा टाळत पुढे ओढीत, भरती लागली की चालू पडत आणि ओहोटीच्या वेळी ठरलेल्या खोल डोहांत नांगर टाकून थांबत. असे टप्प्याटप्प्याने सुमारे 300 स्टेडिया, म्हणजे साधारण 55 किलोमीटर, नदीत वर यावे लागे. या होड्यांची जी नावे त्याने दिली आहेत, ‘त्रप्पगा’ आणि ‘कोटिंबा’, ती ‘अंगविज्जा’ या प्राकृत ग्रंथातील नौकांच्या यादीतही ‘तप्पक’ आणि ‘कोट्टिंब’ अशी आढळतात. परक्या व्यापाऱ्याने ऐकून टिपलेला शब्द आपल्याकडच्या ग्रंथात जसाच्या तसा भेटावा, याचा मला प्रत्येक वेळी आनंद होतो. भडोचचे बंदर म्हणजे नुसता दगडी धक्का नव्हता, या कोळ्यांना असलेली पाण्याची जाण हे त्याचे खरे भांडवल होते, आणि पुढच्या उत्तरांत मी याच मुद्द्याकडे पुन्हा येणार आहे.

प्रश्न: या बंदराचा महाराष्ट्राशी, आणि आपल्या बडोद्याशी, काही संबंध होता का? (एक शिक्षिका, रावपुरा)

होता, आणि तो जवळचा होता. पैठण हे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, तेथून आणखी दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे पेरिप्लसमध्ये नोंदले आहे. या दोन्ही गावांचा माल, रस्ता नसलेल्या मुलखांतून गाड्यांवर लादून, भडोचला येई. पहिल्या शतकात हे बंदर क्षहरात घराण्यातला शक राज्यकर्ता, क्षत्रप नहपान, याच्या ताब्यात होते. त्याचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे सोपारा, येथे धर्मशाळा बांधल्याचे, तसेच तापी, पारदा, दमणा, डहाणूका इत्यादी नद्यांवर पार जाण्यासाठी फुकट नावा चालविल्याचे पुण्य त्यात मोजले आहे. भडोच ते सोपारा ही वाट चालणाऱ्याला नदी आडवी आल्यावर काय लागेल, याचा विचार त्या लेखात दिसतो.

सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात या व्यापारासाठी मोठी चुरस होती. सातवाहनांच्या कल्याण बंदराची वाट एका काळात अडविली गेली आणि तेथे चुकून उतरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, त्याची साक्ष नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये सापडलेल्या सुमारे 13 हजार चांदीच्या नाण्यांच्या साठ्याने दिली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवर सातकर्णीची मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे.

बडोद्याविषयी म्हणाल, तर अकोट्याकडे पाहावे. आज ज्या वस्तीत आपण घरे, शाळा आणि वाहनांची गर्दी पाहतो, तेथे प्राचीन अंकोट्टक होते. तेथील उत्खननात प्रेमदेवता इरॉसची आकृती असलेली रोमन बनावटीची कांस्याची मूठ मिळाली, कोणा एका सुरईची तुटलेली मूठ. ती ज्या वाटेने आली असेल, त्या वाटेवर भडोच आधी लागते.

प्रश्न: मराठ्यांच्या लुटीमुळे भडोच बुडाले, असे मी वाचले. हे खरे आहे का? (एक वाचक, कारेलीबाग)

भडोचवर 1675 आणि 1686 मध्ये मराठ्यांच्या धाडी पडल्या, हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण बंदर बुडाले ते त्यामुळे नाही. त्याच्या पुष्कळ आधीपासून जहाजे भडोचकडून दुसरीकडे वळू लागली होती.

सोळंकी राजांच्या काळात खंबायत पुढे आले आणि मोगल अमदानीत तापीवरची सुरत. इंग्रजांनी 1616 मध्ये भडोचला वखार घातली आणि त्यांच्यापाठोपाठ डचही आले, पण त्यांना हवे होते ते भडोचचे बाफ्ता कापड. ते कापड येथील विणकरांकडून घ्यायचे, नर्मदेच्या पाण्यावर धुऊन निघालेले तागे बांधायचे आणि जहाजावर चढवायचे मात्र सुरतेबाहेरच्या सुवाळीला, असा व्यवहार झाला. युरोपची खोल पाण्याची मोठी जहाजे नर्मदेच्या दांड्यांवरून वर येऊ शकत नव्हती. माल भडोचचा राहिला आणि बंदर दुसऱ्याचे झाले.

राजकीय घडामोडींनी गावाला स्वस्थता दिली नाही, हेही खरे. 1772 मध्ये इंग्रजांनी नबाबाकडून भडोच घेतले, सालबाईच्या तहानंतर 1783 मध्ये ते महादजी शिंद्यांना दिले आणि 29 ऑगस्ट 1803 रोजी दौलतराव शिंद्यांशी युद्ध पेटताच परत घेतले. ही वीस वर्षे भडोच ग्वाल्हेरकर शिंद्यांचे होते, ही गोष्ट आपल्या लोकांनाही फारशी ठाऊक नसते.

शेवटचा घाव रेल्वेने घातला. मुंबईहून बडोद्याकडे लोहमार्ग आल्यावर कापूस आणि धान्य गलबतावर चढविण्याची गरज उरली नाही. पुरांत वारंवार खचलेल्या आधीच्या पुलाच्या जागी 1881 मध्ये जो लोखंडी पूल खुला झाला, तो आज सोनेरी पूल म्हणून मिरविला जातो आणि त्याची शोभा कोणालाही मोहवील, पण बंदराच्या दृष्टीने पाहिले तर व्यापार नदीला समांतर न राहता नदी ओलांडून निघून जाऊ लागला, तो त्याच पुलावरून. जुन्या शहरातील फुर्जा या भागाचे नाव तेवढे उरले आहे. अरबीत त्या शब्दाचा अर्थ बंदराची, जकातीची जागा असा होतो.

प्रश्न: मी परिक्रमेत कटपोरहून मिठीतलाईला नावेने गेले. भडोचचे बंदर पुन्हा उभे राहू शकेल का? सरकार जलमार्गाविषयी बोलते, त्याचे पुढे काय होईल? (एक परिक्रमावासी वाचक, मांजलपूर)

ताई, आपण स्वतःच या प्रश्नाच्या उत्तराच्या सर्वांत जवळ जाऊन आला आहात. दक्षिण तटावर परिक्रमावासी एकत्र जमून भरतीची वाट पाहतात, नावाडी सांगेल तेव्हा, मग ते मध्यरात्री का असेना, निघतात, आणि काही तासांनी उत्तर तटावर मिठीतलाईला उतरतात. दांडा कोठे सरकला आहे आणि पाणी केव्हा फिरेल, हे नावाड्याला ठाऊक असते. दोन हजार वर्षांपूर्वी जे कोळी ग्रीक जहाजांना सामोरे जात, त्यांची विद्या मला तेथे अजून जिवंत दिसते.

आता आधुनिक बंदराविषयी. नर्मदेच्या मुखाशी दहेज येथे रसायने आणि द्रवरूप नैसर्गिक वायू उतरविणारे मोठे बंदर झाले आहे, तेव्हा व्यापार या परिसरात परत आला, असे म्हणता येईल. पण तो भडोचच्या घाटावर आला नाही. घोघा ते दहेज ही वाहने नेणारी फेरी सेवा ऑक्टोबर 2017 मध्ये मोठ्या उत्साहाने सुरू झाली, कारण रस्त्याने आखाताला वळसा घालण्याचे तास त्यामुळे वाचत होते. दोन वर्षांच्या आत दहेजच्या बाजूच्या नाळेत इतका गाळ साचला, की ती थांबवावी लागली, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये दहेजऐवजी हजिरा धरून ती पुन्हा चालू झाली. पेरिप्लसच्या लेखकाने ज्या गाळाविषयी खलाशांना बजावले होते, तो हाच. यंत्राने उपसला तरी पुढच्या उधाणाला तो परत येतो.

2016 च्या कायद्याने जे 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरविले गेले, त्यांत नर्मदेचा 226 किलोमीटरचा मार्गही आहे. कागदावर ही चांगली गोष्ट आहे. परंतु जलमार्गाला पाणी लागते, आणि भडोचपाशी आज गोड्या पाण्याचीच चणचण आहे. सरदार सरोवराची उंची 138.68 मीटरपर्यंत नेण्यात आली आणि ते पाणी कालव्यांतून सौराष्ट्र, कच्छ आणि राजस्थानपर्यंत जाते. मुख्य कालवा आपल्याच जिल्ह्यातून जातो, आणि तहानलेल्या गावांना त्याने काय दिले, हे मी नाकारीत नाही. पण धरणाखाली नदीचा स्वतःचा प्रवाह क्षीण झाल्यावर भरतीला मागे लोटणारे कोणी उरले नाही. खारे पाणी वर चढते आणि समुद्राने आणलेला गाळ नदी पूर्वीसारखा धुऊन नेऊ शकत नाही.

त्यावर उपाय म्हणून भडोचच्या खाली भाडभूत येथे नदीवर दरवाज्यांचा मोठा बंधारा बांधला जात आहे. खारे पाणी रोखणे आणि गोड्या पाण्याचा साठा करणे, हे त्याचे हेतू. विणीसाठी समुद्रातून नदीत वर येणाऱ्या हिलसा माशावर जगणाऱ्या कोळ्यांनी त्याला विरोध केला आहे, आणि त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकले जावे असे माझे मत आहे. बंधाऱ्याच्या वर तळे होईल, त्यात कदाचित सहलीच्या नावाही फिरतील. पण भरतीवर चढून येण्याचे जे बंदर होते, ते तेथेच संपेल.

म्हणून पुनरुज्जीवनाविषयी मला जे वाटते, ते स्पष्ट लिहितो. वर्षभर नदीतून पुरेसे गोडे पाणी सोडले जावे, ही पहिली गोष्ट. फुर्जाचा भाग, घाट आणि जुने वाडे यांची नीट पाहणी होऊन त्यांची डागडुजी व्हावी, ही दुसरी. तिसरी गोष्ट कमी खर्चाची आहे: कटपोरच्या आणि भडोचच्या वृद्ध नावाड्यांकडून दांड्यांची नावे, डोहांच्या जागा आणि भरतीचे आडाखे आजच लिहून घ्यावेत. आपल्या विद्यापीठात 1950 पासून पुरातत्त्वाचा विभाग आहे, त्यातील विद्यार्थ्यांना हे एका उन्हाळ्यात जमण्यासारखे आहे.

प्रश्न: एका दिवसात जाऊन हे पाहायचे असेल, तर काय पाहावे? (एक वाचक, अलकापुरी)

बडोद्याहून भडोच सुमारे 70 किलोमीटर आहे, सकाळच्या गाडीने सहज जाता येते. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचा एखादा दिवस निवडावा, कारण उधाण तेव्हाच असते, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत फारसे काही दिसत नाही. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण तो हिशेब येथे चालणार नाही, कारण आखातात आत येईपर्यंत भरतीला आणखी काही तास लागतात, तेव्हा वेळ स्थानिक नावाड्यालाच विचारावी. स्टेशनाबाहेर खारे सिंगदाणे घ्यावेत, फुर्जाच्या बोळांतून चालत घाटावर उतरावे आणि ओहोटी असतानाच जाऊन बसावे. मी गेलो होतो, तेव्हा चार होड्या चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या होत्या आणि एक म्हातारे गृहस्थ त्यांतल्या एकीच्या सावलीत जाळे विणीत होते. पाणी येताना प्रथम चिखलातल्या लहान चरांत शिरले, मग नदी समुद्राकडून उलटी वाहू लागली, आणि साधारण तासाभरात चारही होड्या एकामागून एक सरळ झाल्या. त्या गृहस्थांनी जाळे गुंडाळले आणि शेवटची होडी सरळ होण्याआधीच ते तीत जाऊन बसले होते.