चेहऱ्याची नस शिकायला घेतलीस, तर आधी कपाळ बघ

अगं, आकृत्या पाठ करत बसण्याआधी कपाळ तपासायला शीक. खानापूर, निपाणीकडून ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणत पेशंट येतात. ‘भुवया वर करा’ हे तुला कन्नडमध्येही सांगता आलं पाहिजे.

चेहऱ्याची नस म्हणजे मेंदूतून निघणारी सातवी नस. तिचं केंद्रक, म्हणजे ती जिथून निघते तो चेतापेशींचा पुंजका, पॉन्सच्या (मेंदूच्या देठाच्या मधल्या भागाच्या) खालच्या बाजूला असतं. त्यातल्या चेतापेशी स्नायूंप्रमाणे गट करून असतात: ओठांभोवतीच्या स्नायूंचा गट बाहेरच्या बाजूला, कपाळाचा आणि पापण्या मिटणाऱ्या स्नायूंचा पाठीकडे, कानाचा आतल्या बाजूला. माणसात ओठांचा गट चांगलाच मोठा, बोलायला लागतो ना! कपाळाच्या गटाला मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून हुकूम येतो, ओठांच्या गटाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. म्हणून मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडं झालं तरी कपाळाला आठ्या पडतात. असं दिसलं तर एक मिनिटही दवडू नकोस, वरिष्ठांना हाक मार.

नसच दुखावली तर कपाळासकट अर्धा चेहरा गळतो. तसा तो केंद्रकाच्या बिघाडातही गळतो, म्हणून त्या बाजूचा डोळा बाहेर वळतो का तेही बघ. डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेच्या केंद्रकाला सातवीचे तंतू वळसा घालूनच निघतात.

आणि पापणी उचलणं तिसऱ्या नसेकडे, चावणं पाचवीकडे. तोंडी परीक्षेत हेच विचारतात.