‘मानवेतर’ म्हणजे माणूस सोडून

नाशिकला डिझाइन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : माणसाबरोबर पशुपक्षी, नद्या यांचाही विचार करणाऱ्या ‘मोअर दॅन ह्यूमन डिझाइन’ला मराठीत ‘मानवेतर रचना’ म्हणावं का? द्राक्षबागेतली पाखरं हुसकावणाऱ्या यंत्रावर तिचा प्रकल्प आहे, आणि कुणीतरी तिला ‘अतिमानवी’ सुचवलंय.

‘अतिमानवी’ आधी खोडा. त्याने वाचणाऱ्याला मारुती आठवेल, साळुंकी नाही.

‘मानवेतर’ची अडचण ‘इतर’मध्ये आहे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत शिक्षक येत नाहीत, तसा मानवेतरात माणूस येत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड अब्राम यांनी १९९६ मध्ये हा इंग्रजी शब्दप्रयोग पुढे आणला, तो माणूसही सृष्टीतलाच एक, असं धरून. म्हणजे आपल्याला ‘सोडून’ नको, ‘सकट’ हवं.

‘जीवकेंद्री’ जवळ येतो, पण मग गोदावरीला कुठे बसवायचं? तिथे ‘चराचर’च लागतो. (नदी चर की अचर, यावर वाद घालायला मी तयार आहे, पण इथे नको.) ‘चराचरस्नेही’? ‘पर्यावरणस्नेही’ पिशव्यांवर छापून छापून विटलाय, त्याचं भावंड नको. ‘पूर्वलक्षी’च्या चालीवर ‘चराचरलक्षी’ मला फार आवडला होता, पण तुमच्या यंत्रानेच तो मोडला. बुजगावणंही पाखरांना लक्षात घेऊनच उभं करतात! पाखराचं बुजणं तेवढं ओळखायचं, भूक नाही.

याउलट हाळ, त्यात जनावरांचं हितही पाहिलेलं. निफाडकडे माझ्या आजोळी विहिरीला लागून जनावरांना पाणी प्यायला दगडी कुंड होता. काठ गुडघ्याएवढाच, म्हणून गाईबरोबर शेळीचंही तोंड पोचायचं. माना घासून एका अंगाला दगड गुळगुळीत झालेला. मोटेची धावही तशीच. बैल उतारावर खाली चालत आणि मोट वर येई, म्हणजे त्यांचं वजनच ओढीच्या कामी येई.

म्हणून ‘चराचरहिताची रचना’ म्हणा. शेतकऱ्याशी बोलताना ‘माणसासकट सगळ्यांसाठी’ पुरे. ‘डिझाइन’ला ‘संकल्पचित्र’ हा सरकारी शब्द आहे. जलसंपदा विभागाची मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना नाशिकमध्येच आहे. पण तो धरणांच्या नकाशांना शोभतो, इथे ‘रचना’च बरी.

तुमचं यंत्र मात्र अजून बुजगावणंच आहे, त्याला हा शब्द इतक्यात लावू नका.