ट्रकचा आवाज आला की ताटावरून उठतात

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो. तीन आठवड्यांपूर्वी मोहोळजवळ मिस्टरांच्या गाडीला ट्रकची धडक बसली. मागे बसलेला त्यांचा मित्र जागीच गेला, यांचं मनगट मोडलं. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट त्यांना चालतो, पण बाहेर ट्रकच्या ब्रेकचा ‘फुस्स’ आवाज झाला की ताटावरून उठतात. रात्री घाम फुटून जागे होतात. दीर कुठेतरी वाचून म्हणतात, पुण्याला नेऊन एमआरआय काढू, पुढे मानसिक आजार होणार का ते आधीच कळेल. न्यावं का?

उत्तर : ताई, एमआरआयसाठी पुण्याला नेऊ नका. दिरांनी वाचलेलं खोटं नाही. अमेरिकेत अपघातानंतर इमर्जन्सी विभागात आलेल्या लोकांचा सुमारे दोन आठवड्यांनी फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असताना टिपणारा एमआरआय काढला. मशीनमध्ये त्यांना घाबरलेले चेहरे दाखवले, बक्षीस जिंकायचा खेळ दिला आणि मेंदूचा कोणता भाग किती चेततो ते पाहिलं. ज्यांच्या मेंदूने धोका आणि बक्षीस दोन्हींना जास्त प्रतिसाद दिला, त्या गटात पुढच्या सहा महिन्यांत पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतरच्या तणावविकाराची लक्षणं जास्त दिसली. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. पण इस्रायलमध्ये तसंच करून पाहिलं तेव्हा मेंदूंचे गट काही प्रमाणात तसेच सापडले, लक्षणांशी जोड मात्र जुळली नाही. ही सगळी गटांची गणितं आहेत. आपल्याकडच्या नेहमीच्या एमआरआयच्या फिल्मवरून एका माणसाचं भविष्य कुणी सांगू शकत नाही. तो खर्च वाचवा.

तुम्ही लिहिलेली ‘फुस्स’ची गोष्ट मला कुठल्याही फिल्मपेक्षा जास्त सांगते. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. त्या दिवशी त्याने हा आवाज मृत्यूशी बांधून टाकला. शेजारी हिप्पोकॅम्पस असतो. ‘हे मोहोळचं रान नाही, आपलं घर आहे, समोर भाकरी आहे’ हा संदर्भ त्याने पुरवायचा, आणि कपाळामागच्या भागाने घंटा थांबवायची. सध्या घंटाच वरचढ आहे. मागाचा खडखडाट त्यांना लहानपणापासूनचा, म्हणून तो चालतो. यात भित्रेपणा नाही, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

पहिल्या महिन्यात असं खूप जणांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. म्हणूनच महिना उलटल्याशिवाय आम्ही पीटीएसडी हे निदान करत नाही.

मला काळजी वाटते ती भेटायला येणाऱ्यांची. प्रत्येकजण चहा घेता घेता ‘नेमकं कसं झालं हो?’ विचारत असणार. जबरदस्तीने सगळं सांगायला लावल्याने आजार टळत नाही, काहींना त्रास वाढतो. हे तुम्ही दारातच थांबवा. ते स्वतःहून बोलले, तर मात्र काम बाजूला ठेवून ऐका. मित्राबद्दल बोलतील, ‘मीच गाडी चालवत होतो’ म्हणतील. लगेच खोडून काढू नका. झोपेसाठी दारू नको, घरात उरलेली कुणाची गोळीही नको.

महिना झाल्यावरही हेच चालू असेल, तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. आघाताच्या आठवणीवर टप्प्याटप्प्याने काम करणारे समुपदेशन या आजारावर खरोखर उपयोगी पडते, गरजेप्रमाणे औषधंही असतात. मरणाची भाषा केली तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. रात्री-अपरात्री १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तोवर वहीत रोज दोनच गोष्टी लिहा: किती वेळा जाग आली आणि ताटावरून किती वेळा उठले. जाताना ती वही सोबत न्या.