व्हिंटेज मोटरसायकल अस्सल आहे की नाही, हे विकत घेण्याआधी कसं ओळखावं?

इंजिन आणि चासीचे नंबर जुळले म्हणून भुलू नका. मी भुललो होतो.

१९७० ची ट्रायम्फ बॉनेव्हिल म्हणून गाडी दाखवली होती. चासीवर आणि इंजिनवर एकच नंबर, पुढे बॉनेव्हिलचा कोड टी१२०आर. दोन कार्ब्युरेटर, नवा रंग, लखलखीत क्रोम. दादा सोबत होता. पहिल्या किकला गाडी सुरू झाली तसा तो म्हणाला, "आवाज ऐक, बाकी सगळं सोड." मी पैसे मोजले.

दोन महिन्यांनी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने टॉर्च तिरपी धरून इंजिनवरची नंबरची जागा दाखवली. १९६९ च्या मॉडेलपासून ट्रायम्फ त्या जागेवर कंपनीच्या नावाचे बारीक ठसे देत असे. नंबर घासला की ठसेही जातात आणि चोरी उघडी पडते. माझ्या गाडीवर ती जागा गुळगुळीत होती, आकडे नंतर ठोकलेले. बहुधा मूळची टीआर६ असावी, ट्रायम्फचंच दुसरं मॉडेल. इंजिन तेच ६५० सीसीचं, पण कार्ब्युरेटर एक. इंजिनवर दोन कार्ब्युरेटरचं हेड बसवलं की झाली बॉनेव्हिल.

म्हणून आधी नंबरची जागा बघा, आकडे नंतर. आकडे थोडे वाकडे असले तर घाबरू नका, कारखान्यातही ते हातानेच ठोकत. चासीच्या नंबरवर रंगाचा जाड थर असेल तर तो का दिला, हे विचारा. पन्नासच्या दशकातल्या ब्रिटिश गाडीला मेट्रिक (मिलिमीटरच्या मापाचा) बोल्ट किंवा १९६० च्या गाडीला अमल कंपनीचा कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटर दिसला, तर तो भाग मागाहून आलाय. कॉन्सेंट्रिक १९६७ च्या सुमाराचा. शक्य असेल तर कारखान्याच्या जुन्या नोंदींशी नंबर ताडून घ्या. नवाकोरा रंग दिसला की मी आता दुप्पट वेळ थांबतो. गंजलेली पण न छेडलेली गाडी मला केव्हाही चालेल.

दादा अजून म्हणतो, "पळते ना? मग बिघडलं काय?" दादा, टीआर६ उत्तम गाडी आहे. टीआर६ म्हणून, टीआर६ च्या भावात दिली असती तर मी आनंदाने घेतली असती. मी बॉनेव्हिलचे पैसे दिले. आवाजावरून इंजिनची तब्येत कळते, ते कुठल्या गाडीचं आहे हे कळत नाही.

एक राहिलंच. नंबर न जुळणं म्हणजे दर वेळी लबाडी नव्हे. बीएसए गोल्ड स्टार या ब्रिटिश गाडीचे इंजिन आणि चासीचे नंबर कारखान्यातूनच वेगळे यायचे. तिथे जुळणारे नंबर दिसले, तर उलट तेव्हाच सावध व्हा.