लायपोनंतर पोट एकसारखं नाही, परत ऑपरेशन करू का?

प्रश्न: ताई, मी राजारामपुरीत राहते. दोन महिन्यांपूर्वी पोटाचं लायपोसक्शन, म्हणजे चरबी शोषून काढायचं ऑपरेशन केलं, उजवीकडं सपाट झालंय पण डावीकडं गाठी लागतात, खड्डा पण दिसतोय. परत करून घेऊ का?

उत्तर: अगं, आत्ताच नको! दोन महिन्यांत सगळी सूज उतरत नाही, खरा आकार दिसायला सहा महिने तरी लागतात आणि दोन्हीकडची सूज बरोबरच उतरेल असंही नसतं, गाठी बऱ्याचदा हळूहळू मऊ पडतात. मसाज सर्जनला विचारूनच कर, पार्लरमध्ये तर मुळीच नको. नंतरही खड्डा राहिला तर तुझीच चरबी तिथं भरता येते, उंचवटा असेल तर आणखी थोडी काढतात. पण ताप, लाली, वाढतं दुखणं, एकाच पायाला सूज किंवा धाप लागली तर लगेच दवाखान्यात जा.