जुन्या पद्मिनीचा टेंपरेचरचा काटा मनाला येईल तसा फिरतो. मीटर बदलू की सेन्सर?

मीटर बदलू नका. निदान आज तरी नको.

तुमची गाडी १९८८ची, काटा कधी एकदम लालला जाऊन टेकतो, कधी तळाशी पडून राहतो, वाफ नाही, वास नाही, आणि गॅरेजवाला म्हणतोय मीटर गेलं. हे ‘मीटर गेलं’ मी १९९६ साली ऐकलंय. आमच्या घरातलं त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मे महिना, कोल्हापूरला मावसबहिणीचं लग्न. बाबांची पद्मिनी, चालवायला दादा, मागे आई, वहिनी आणि मांडीवर आहेराच्या पिशव्या घेऊन मी. तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्यामुळे गाडीबद्दल काही बोललो की ‘पुस्तकी किडा’ हे ठरलेलं. सातारा जिल्ह्यातलं खंडाळा सोडून खंबाटकी घाट चढायला लागलो, पुढे उसाचा ट्रक, दुसऱ्या गिअरवर रांगत. काटा पाऊण भागाच्या वर गेला. मी म्हटलं थांबू या. दादा म्हणाला घाटात सगळ्यांच्याच तापतात. दोन वळणं झाली आणि काटा झरकन खाली आला, अगदी सकाळी गाडी काढताना असतो तिथे. दादा आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, “बघ, झाली गार.”

चढावर, भर उन्हात, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गार कशी होईल? मी हे ओरडून सांगितलं. आई म्हणाली, भांडू नका, शुभकार्याला चाललोय.

जेमतेम अर्धा किलोमीटर गेलो असू. इंजिन खडखडायला लागलं, जोर गेला, आणि गाडी एका वडाखाली बंद पडली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) फाटलेला. रेडिएटरमधलं चहाच्या रंगाचं पाणी केव्हाच रस्त्यावर सांडलं होतं. टेंपरेचरचा बल्ब (तुम्ही सेन्सर म्हणताय तो) पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उतरलं की तो उघडा पडतो. कोरड्या हवेतून त्याला उष्णता नीट मिळत नाही, म्हणून इंजिन भाजून निघत असताना काटा खाली येतो. मीटर चोख काम करत होतं. डिपस्टिकवर (ऑइल बघायच्या पट्टीवर) ताकासारखं पांढरट ऑइल आलं होतं, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं. हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, द्यावं लागलं. आम्ही लग्नात शेवटच्या पंगतीला पोचलो.

वर गॅरेजच्या बिलात नवं मीटर! दादानेच सांगितलं होतं, ‘काटा चुकीचा दाखवत होता’. आणि मिस्त्रीने जाता जाता थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. “आपल्याकडे कशाला लागतो?” लागतो हो. तो साधारण ८० ते ८५ अंशांच्या आसपास उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे सोडत नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. तो काढल्यावर थंडीत आमचा काटा तळातून हलेना, चोक तासभर ओढलेला, ॲव्हरेज बोंबललं. त्यावर दादाचं निदान: नवं मीटरही बाद.

तर तुमचं. इग्निशन ऑन, इंजिन बंद. बल्बवरची वायर काढा. काटा थंडकडे गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. काटा पूर्ण गरमकडे गेला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, बल्ब तपासा. टेकवूनही काटा हलला नाही तर वायर तुटलीय, फ्यूज गेलाय किंवा मग खरंच मीटर. वायर टेकवून धरून बसू नका, मीटर जळेल.

पण तुमचा काटा उडी मारतो, आणि ती मला वायरची उडी वाटते. पाणी दोन सेकंदांत तापत नाही. वायरचं कव्हर कुठेतरी घासून गेलंय आणि खड्ड्यात ती बॉडीला लागते. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातलं रबर आधी बघा. हेडलाइट लावल्यावर काटा सरकत असेल किंवा पेट्रोलचा काटाही सोबत नाचत असेल, तर डॅशबोर्डची अर्थ (बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर) साफ करा. पॉलिश पेपर आणि दहा मिनिटं, बस.

बल्ब बदलायचाच झाला तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून ठेवू नका, त्याला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळेल तो बल्ब आणून बसवला आणि तो तुमच्या मीटरच्या जोडीचा नसला, तर काटा कायमचा चुकीचा. जुना बल्ब जपून ठेवा.

हो, आणि हे आधीच लिहायला हवं होतं: मीटरपासून इंजिनापर्यंत वायरऐवजी बारीक तांब्याची नळी जात असेल, तर वरची वायरची तपासणी लागू नाही. ती कापू नका, मुडपू नका. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. काटा खाली असला तरी.

बिलात बदललेलं ते जुनं मीटर मी टाकलं नव्हतं. गेल्या दिवाळीत दादाच्या स्वयंपाकघरात बॅटरी लावली, बल्बच्या बॉडीला अर्थ दिली, वहिनीच्या चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात बल्ब सोडला. काटा हळूहळू वर चढत गेला, गार पाणी ओतल्यावर तसाच उतरला. दादाने दोनदा बघितलं. म्हणाला, “आता चालतंय. तेव्हा चालत नव्हतं.”